परत येणारा पगारे

संघर्ष पगारेला संघर्ष म्हणून हाक मारणारी दोनच माणसं नाशिकमध्ये उरली होती. एक बँकेतला कॅशियर आणि दुसरे कॉलनीतल्या विहार समितीचे अध्यक्ष पुंजाराम तात्या. बाकी सगळी कॉलनी त्याला ‘रिटर्न’ म्हणायची. रिटर्न पगारे. पेठ रोडला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढून टाकायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा मोजून भरायची, हा त्याचा धंदा. विंचूरपासून देवळ्यापर्यंतचे शेतकरी टेम्पोत मोटार टाकून त्याच्याकडे येतात, कारण त्याने भरलेली मोटार लवकर जळत नाही. पण तेसुद्धा चौकात उतरून “रिटर्नचं दुकान कुठं हाय हो?” असंच विचारतात. दुकानावर पाटी आहे, ती कोणी वाचत नाही.

हे नाव त्याला कोणी उगाच दिलं नव्हतं, त्याने ते स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. पाचवीत असताना देवळ्याच्या वसतिगृहात घातला, तर चौथ्या दिवशी दारात हजर. का, तर वरण फार पातळ. आयटीआय झाल्यावर पुण्याच्या कंपनीत चिकटवला, तर नवव्या दिवशी परत. का, तर पुण्याचं पाणी मानवत नाही. मग तात्यांच्या ओळखीने थेट मस्कतला नोकरी लागली. तिथून सतराव्या दिवशी. ‘आई आजारी आहे’ असं त्याने मस्कतच्या साहेबाला रडवेल्या आवाजात सांगितलं होतं, आणि ती आजारी आई त्याला घ्यायला सीबीएस स्टँडवर आली ती वाटेत पंधरा किलो दळण टाकून. लग्नानंतर महाबळेश्वरला तीन रात्रींचं बुकिंग होतं. पहिल्याच सकाळी “घरी गॅस चालू राहिलाय असं वाटतंय” म्हणत त्याने नव्या नवरीला एसटीत बसवलं. घरी येऊन बघतात तो सिलिंडर आदल्या आठवड्यातच संपलेला.

खरं कारण एकच होतं आणि ते त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. नाशिक सोडून एक-दोन दिवस झाले की त्याला घराचे वेध लागायचे. घास उतरायचा नाही, डोळे भरून यायचे. आता बापाने एवढ्या हौसेने ज्याचं नाव संघर्ष ठेवलं, त्या मिशीवाल्या बाप्याने ‘मला घरची आठवण येते’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून कधी वरण, कधी पाणी, कधी आई. दोष नेहमी दुसऱ्याचा, आणि हा बिचारा नाइलाजाने परत आलेला.

अशा माणसाला परदेशी पाठवायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल? कोणाच्याच नाही. झालं ते असं. कॉलनीच्या विहारात पूर्वी तीन वर्षं राहून गेलेले श्रीलंकेचे एक तरुण भिक्खू होते, सुमन भंते. मराठी छान बोलायचे. त्यांचा तात्यांना फोन आला की आमच्या गावच्या विहारात मुलांचं वसतिगृह आहे, मोफत दवाखाना आहे, पण पाण्याच्या दोन्ही मोटारी जळाल्यात आणि नर्स सोडून गेली आहे. एखादं कुटुंब दोन महिने धम्मसेवेला येऊन राहील का? रविवारी वंदना झाल्यावर तात्यांनी विचारलं, “मोटारीचं काम कोणाला येतं?” संघर्षचा हात सवयीने वर गेला. गिऱ्हाईकच आलंय असं त्याला वाटलं. “आणि नर्स?” गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या आरोहीचा हात वर गेला. ती संघर्षची बायको. दोन्ही हात एकाच घरातले निघाले, तात्यांनी टाळी वाजवली आणि सभा संपली.

संघर्षच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याने धीर सोडला नाही, लगेच कारण शोधलं. “तात्या, पण पिंकीचं काय? अडीच वर्षांचं लेकरू परदेशात?” तात्यांनी तिथल्या तिथे भंतेंना फोन लावला. भंते म्हणाले, “आणा की.” जगात काही माणसं अशी असतात की त्यांना दुसऱ्याची अडचणच समजत नाही.

घरी आल्यावर आरोही भांडली नाही, हीच धोक्याची खूण होती. तिने शांतपणे भाजी निवडायला घेतली आणि म्हणाली, “अहो, मला ना लंका बघायची, ना समुद्र बघायचा. मला फक्त एकदा तुमच्याबरोबर कुठंतरी जायचंय, आणि जेवढे दिवस ठरलेत तेवढे दिवस राहून मग परत यायचंय. आयुष्यात एकदा. जमेल?”

“जमेल की. न जमायला काय झालं?”

“पिंकी पुढच्या वर्षी बालवाडीत जाईल. तिला कोणी ‘रिटर्नची पोरगी’ म्हणलेलं मला चालणार नाही.”

हे मात्र संघर्षला आतपर्यंत लागलं. त्याने त्याच रात्री मनाशी ठरवलं की मोटार जळो, विहार पडो, दोन महिने म्हणजे दोन महिने. मग पासपोर्ट, तिकिटं होऊन निघेपर्यंत तो हे ठरवलेलं आठवून आठवून घाबरत राहिला.

त्यात तात्यांनी कॉलनीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. ‘श्रीलंका धम्मसेवा दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!’ मध्ये पिंकी काळा गॉगल लावून, तिच्या एका बाजूला आरोही, दुसऱ्या बाजूला पासपोर्टच्या फोटोतला घाबरलेला संघर्ष, आणि खाली शुभेच्छुक म्हणून बेचाळीस तोंडं. त्यातल्या तिघांना तर संघर्ष ओळखतही नव्हता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मार्करने ‘दौऱ्यास’च्या वर बारीक अक्षरात लिहून ठेवलं: ‘आठ दिवसांच्या’. आईने तर कमालच केली. आईचं नाव लंकाबाई, त्यामुळे ती आठवडाभर “माझ्या नावाच्या गावाला चाललाय माझा लेक” असं सांगत कॉलनी फिरली. पण निघताना शेंगदाण्याची चटणी दिली ती एका छोट्या डब्यात.

“आई, दोन महिन्यांना एवढीच?”

“आठ दिसांला लय झाली. उगं नासंल बाबा,” लंकाबाई म्हणाली.

आता पिंकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिचा आहे. कागदावर तिचं नाव सम्यका. वय अडीच, उंची टेबलाएवढी, आवाज लाउडस्पीकरचा. चालायला लागल्यापासून कॉलनीने तिला एकच गोष्ट पक्की शिकवलेली: दिसेल त्याला हात जोडून ‘जयभीम’ म्हणायचं. आणि कॉलनीत काय, हिने ‘जयभीम’ म्हणायचा अवकाश, म्हातारीकोतारीसुद्धा हातातलं काम टाकून “जयभीम गं माझी बाई!” करत. त्यामुळे पोरीची पक्की समजूत झालेली की ‘जयभीम’ घातला की तो परत यायलाच पाहिजे. नाही आला तर तो पोचला नाही, असं समजून ती पुन्हा घालायची. अजून मोठ्याने.

विमानात ती पहिल्या रांगेपासून सुरू झाली. कोणी हसलं, कोणी हात हलवला, एका बाईने तिला टॉफी दिली. पिंकीने टॉफी घेतली, पण जागची हलली नाही. “जयभीम!” बाई गोंधळल्या. “जयभीम!!” संघर्ष मागून धावत आला आणि हात जोडून म्हणाला, “मॅडम, प्लीज एकदा जयभीम म्हणा, म्हणजे ती पुढं जाईल.” अशा सात रांगा झाल्या. बाविसाव्या रांगेतून मात्र एक पांढरी टोपी उठून उभी राहिली आणि “जयभीम, जयभीम! कुठली गं तू ताई?” असा खणखणीत जबाब आला. हे विंचूरचे कांद्याचे व्यापारी निवृत्ती काका. कोलंबोला त्यांचा कांदा जातो. पिंकीला खरा माणूस सापडला. मग दर पाच मिनिटांनी ती जाऊन काकांना जयभीम घालून यायची आणि काका झोपेतून उठून उत्तर द्यायचे. उतरताना ते संघर्षला म्हणाले, “पोरगी गोड हाय. पण मी आता दोन दिस कुणाशी बोलणार नाय.”

कोलंबोच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारा साहेब तर अगदी करड्या चेहऱ्याचा. संघर्षला घाम फुटला. पिंकीने टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि घातला जयभीम. साहेब गप्प. दुसरा. साहेबाने मान वर केली. मागे पन्नास माणसांची रांग, आणि संघर्ष मोडक्या इंग्रजीत त्याला सांगतोय की सर, गुड मॉर्निंग आहे ते, आमच्या घरचं. साहेबाने पासपोर्टकडे पाहिलं, पिंकीकडे पाहिलं, मग दोन्ही हात जोडून मिशीतल्या मिशीत हसत काहीतरी जयभीमसारखं पुटपुटला आणि शिक्का मारला. आरोही म्हणाली, “बघा, बाकीचे कागद दाखवायच्या आधी काम झालं.”

विहार कुरुनेगला शहराच्या पुढे तासाभरावर, नारळाच्या बागांमध्ये. सुमन भंते गाडी घेऊन आले होते. त्यांनी आधी नेलं ते मोठ्या भंतेंकडे. मोठे भंते म्हणजे विहाराचे प्रमुख, वय ऐंशीच्या पुढे, वाळकं शरीर आणि बोलणं इतकं कमी की तोंड उघडलं तरी बातमी व्हावी. संघर्ष-आरोहीने गुडघे टेकून पंचांग प्रणाम केला. पिंकीने हात जोडले.

“जयभीम!”

“सुखी होतु,” मोठे भंते म्हणाले.

पिंकी थांबली. हे तिच्या ओळखीचं उत्तर नव्हतं. “जयभीम!”

“सुखी होतु.”

“ज-य-भी-ऽऽ-म!!”

छपरावरची कबुतरं उडाली. कोपऱ्यात ध्यानाला बसलेल्या दोन म्हाताऱ्या उपासिकांनी डोळे उघडले. सुमन भंतेंनी संघर्षच्या कानात सांगितलं की भिक्खू गृहस्थांना हात जोडत नाहीत, ते आशीर्वाद देतात, तोच त्यांचा जबाब. संघर्षला हे माहीत होतं. पिंकीला नव्हतं. शेवटी तिला उचलून बाहेर न्यावं लागलं, आणि बापाच्या खांद्यावरून ती लांब जाईपर्यंत जयभीम घालत राहिली.

थोड्या वेळाने सुमन भंते खोलीवर आले. चेहरा जरा पडलेला. “मोठे भंते म्हणाले, इथं इतकं छोटं मूल कधी राहिलं नाही. सकाळी ध्यान असतं, दुपारी मुलांचा अभ्यास. म्हणून आठ दिवस बघू. जमलं तर राहा. नाही जमलं, तर आपण तिकीट बदलू. आठव्या दिवशी ते सांगतील.”

आठ दिवस! बेचाळीस शुभेच्छुकांची तोंडं संघर्षच्या डोळ्यांपुढे आली. आरोहीने त्याच्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, “पिंकीला आवरायचं. कसंही करून.”

पिंकीला आवरायचं म्हणजे काय, तर तिला जबाब मिळाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती उठून थेट मोठ्या भंतेंच्या कुटीसमोर जाऊन उभी राहिली. संघर्ष आधीच तयारीत होता. तो जवळच्या बोधिवृक्षाच्या कट्ट्यामागे उकिडवा बसला. पोरीने “जयभीम!” म्हणताच त्याने आवाज जाड करून, मोठे भंते मराठी बोलले असते तर कसे बोलले असते तसा, जबाब दिला: “जयभीम बाळा, जयभीम!”

पिंकीने कुटीकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. मग झाडासमोर येऊन हात जोडले. “जयभीम!”

आता आली का पंचाईत! झाडाने एकदा उत्तर दिलं म्हटल्यावर ते रोज द्यायलाच हवं. म्हणजे पिंकीला आवरायला निघालेल्या संघर्षला आता रोज पहाटे झाडामागे ड्यूटी लागली. तिसऱ्या दिवशी हे बरंच लांबलं. पोरगी नऊ वेळा जयभीम घालून गेली, तरी हा सावध म्हणून तिथेच बसून. तेवढ्यात एक उपासिका फुलांचं ताट घेऊन आली आणि झाडासमोर हात जोडून हळूच काहीतरी म्हणाली. वाकून बसलेल्या संघर्षला फक्त कुजबुज ऐकू आली. त्याने सवयीने घोगऱ्या आवाजात ठणकावलं, “जयभीम बाळा!” ताट एकीकडे, फुलं दुसरीकडे आणि बाई तिसरीकडे. झाड बोलल्याची बातमी न्याहारीच्या आत गावात पोचली. सुमन भंतेंना अर्धा तास लोकांना समजावत बसावं लागलं, आणि समजावताना ते दोनदा हसू दाबायला आत गेले.

चौथ्या दिवशी मात्र नवल घडलं. संघर्ष पहाटे झाडामागे जाऊन बसला, पण पिंकी आलीच नाही. शोधत गेला तर ती कुटीच्या पायरीवर बसलेली. आतून मोठ्या भंतेंचा आवाज आला, “सुखी होतु.” पिंकीने मान डोलावली, उठली आणि वसतिगृहाकडे चालती झाली. तिथली वीस पोरं रांगेने हात जोडून “जयभीम, पिंकी!” म्हणत होती. त्यांना हा खेळ फार आवडलेला. आणि पिंकी काय करत होती? उजवा तळवा वर करून, डोळे अर्धे मिटून, एकेकाला आशीर्वाद देत होती. संघर्षने जवळ जाऊन म्हटलं, “जयभीम, पिंकी.” तिने बापालाही सोडलं नाही.

“सुखी होतु,” ती म्हणाली आणि पुढच्याकडे वळली.

तेव्हापासून पोरीने मागे वळून पाहिलं नाही. लाल तांदळाचा भात, खोबऱ्याची तिखट चटणी, नारळाच्या दुधातली भाजी, काय येईल ते दोन्ही हातांनी खायची आणि आठ वाजता गाढ झोपायची. आरोहीचंही तसंच. दवाखान्यात सकाळपासून बायका “मिस, मिस” करत तिच्याभोवती जमत. तिला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तिची नाही, तरी दुपारपर्यंत सासवांच्या तक्रारीसुद्धा बोलून व्हायच्या. आरोही संध्याकाळी दमून यायची आणि नुसती हसत बसायची. असं तिला हसताना संघर्षने लग्नाच्या हॉलमध्ये पाहिलं होतं, त्यानंतर आताच.

आणि संघर्ष? संघर्षचं बिनसलं होतं. आईची चटणी तिसऱ्याच दिवशी संपली होती. भाताचा घास तोंडात फिरत राहायचा. पहिली मोटार उघडून झाली होती, जुनी तार निघाली होती, नाशिकहून आणलेली नवी तार भरायला घेतली होती. हात आपलं काम बरोबर करत होते. पण वेढे मोजता मोजता मध्येच पेठ रोडची धूळ आठवायची. टपरीवरचा चहा आठवायचा. दुकानासमोर आडवी रिक्षा लावणारा तो गोटीराम, ज्याच्याशी त्याचं रोज भांडण व्हायचं, त्याचीसुद्धा आठवण येऊन डोळे भरायचे. कोणाची आठवण यावी, याला काही सुमार असतो! मग तो उठून हौदावर जायचा आणि तोंड धुवायचा. दिवसातून पाच-सहा वेळा.

पाचव्या दिवशी आईला फोन केला. ‘हॅलो’ म्हणायच्या आत लंकाबाई म्हणाली, “कुठवर आलास? मुंबईला उतरलास का?”

“आई, मी इथंच आहे.”

“इथंच म्हंजी नाशिकला?”

“लंकेत गं!”

“मंग पिंकीला बरं नाय का?” लंकाबाईने काळजीने विचारलं. तिच्या मते एवढे दिवस झाले म्हणजे आता कारण तयार असायला पाहिजे.

संघर्षने फोन ठेवला आणि आईचं ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. सहाव्या दिवशी पिंकीच्या गालावर लाल पुळी दिसली. त्याच्या मनात एकदम उजेड पडला. तो धावत दवाखान्यात गेला. “आरोही, हिला इथली हवा मानवत नाही बघ.” आरोहीने गाल पाहिला. “डास चावलाय,” ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. संघर्षचा चेहरा पडला, आणि आपला चेहरा का पडला हे त्याचं त्यालाच कळल्यावर त्याला स्वतःची शरम वाटली. स्वतःच्या पोरीला काहीतरी झालं असतं तर बरं, असं वाटणारा हा कसला बाप?

पण शरम वाटूनही माणूस सुधारतोच असं नाही. सातव्या दिवशी सकाळी सगळे ध्यानाला बसले होते. मोठे भंते समोर, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. संघर्ष पिंकीला घेऊन शेवटी बसला होता. उद्या निकाल. आता जर पोरगी एकदा, फक्त एकदा ओरडली, तर परवा आपण पेठ रोडला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, वाकला आणि तिच्या कानात कुजबुजला, “पिंके, मोठ्या भंतेंना जयभीम घाल ना. जोरात.”

पिंकीने बापाकडे वळून पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं.

“शूऽऽ! भंते गप्प,” ती म्हणाली आणि पुन्हा मांडी घालून बसली.

आठव्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. जाताना संघर्षने मनात सगळं जुळवलं होतं: लेकराला करमत नाही, झोपेत दचकतं, तुम्हाला त्रास नको. वाक्यं तोंडपाठ होती. इतक्या वर्षांचा सराव होता. आरोही त्याच्या शेजारून चालत होती. तिच्या हाताची मूठ आवळलेली होती.

मोठे भंते चटईवर बसले होते. पिंकी कोणी न सांगता जाऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली. भंते सिंहलीत सावकाश बोलले, सुमन भंतेंनी मराठी केलं.

“मुलगी राहील, म्हणतात. तिचा काही त्रास नाही. पहाटे ती आली नाही तर आता मोठ्या भंतेंनाच चुकल्यासारखं होतं. आरोहीताई पण राहतील, गावातल्या बायका त्यांना सोडणार नाहीत. पण तिघांपैकी एकाचं इथं जमत नाही, असं त्यांना वाटतं.”

संघर्षने तिसरा कोण म्हणून मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

“तुम्ही,” सुमन भंते म्हणाले. “मोठे भंते म्हणतात, हौद त्यांच्या खिडकीतून दिसतो. एवढं स्वच्छ तोंड असलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नाही.”

संघर्षने तोंडपाठ केलेलं वाक्य सुरू केलं. “नाही, म्हणजे भंते, लेकराला...” लेकरू समोर बसून चटईची काडी ओढत मजेत गुणगुणत होतं. वाक्य तिथेच अडलं. आईला त्याने मस्कतमध्ये वापरून टाकलं होतं. वरण, पाणी, गॅस, सगळं वापरून झालं होतं. कोणीच उरलं नव्हतं. आरोही खाली बघत होती.

“मला घरची आठवण येते, भंते,” तो म्हणाला. “लय येते. लहानपणापासून अशीच येते. म्हणून मी परत जातो. बाकी काही कारण नसतं. कधीच नव्हतं.” आणि एवढा मिशीवाला बाप्या बायको-पोरीसमोर ढसाढसा रडायला लागला. पिंकी उठली आणि आपल्या फ्रॉकच्या टोकाने त्याचं नाक पुसू लागली.

मोठ्या भंतेंनी त्याला रडू दिलं. मग बोलले. सुमन भंते आधी हसले, मग त्यांनी मराठी केलं. “म्हणतात, ते नऊ वर्षांचे असताना इथं आले. त्यांचं घर त्या टेकडीमागे. पाच वेळा पळून गेले. एकदा ताप आहे म्हणून सांगितलं, एकदा गाय व्याली म्हणून. त्यांच्या घरी गायच नव्हती.”

संघर्षने नाक ओढलं. “मग सहाव्यांदा?”

“सहाव्यांदा खरं सांगितलं. गुरू म्हणाले, आठवण येते तर येऊ दे, तू कशाला उठतोस. मग रडत रडत बसून राहिले.”

“आणि आता? आता थांबली असेल ना?”

सुमन भंतेंनी विचारलं. ऐंशी ओलांडलेल्या मोठ्या भंतेंनी खिडकीतून टेकडीकडे पाहिलं आणि दोनच शब्द बोलले.

“काल आली होती, म्हणतात,” सुमन भंतेंनी सांगितलं.

तिघं खोलीवर परत आले. संघर्षने कॉटखालून आपली बॅग ओढली, चेन उघडली आणि कपडे बाहेर काढायला लागला. आरोही दारातच उभी राहिली. तीन शर्ट, दोन पँटी, एक टॉवेल. बॅग रिकामी.

“अहो, दोन महिन्यांना एवढेच कपडे?”

“ते तारेचं वजन फार होतं ना, म्हणून जागा...” तो बोलता बोलता थांबला. “नाही. मुद्दाम आणले एवढेच. म्हटलं, पुरतील.”

आरोहीने त्या तीन शर्टांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तिला रागवायचं होतं, पण हसू आधी आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी.

“म्हणजे आता रोज धुवावे लागणार,” ती म्हणाली.

“धुऊ की.”

“मग बसलात काय? ती मोटार चालू करा आधी.”

संघर्ष उठला, पक्कड घेतली आणि मोटारीकडे गेला. अजून अर्धी तार भरायची बाकी होती.